चुकारा बुडवून नवी पाटी: एनसीएलटी की चेक?

कापूसपट्ट्यात हा खेळ जुनाच. जिनिंगची प्रायव्हेट लिमिटेड 'बंद' पडते, शेतकऱ्यांचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, अडकतात आणि पुढच्या हंगामात त्याच काट्यावर भावाच्या नावाची नवी कंपनी उभी.

एक वाट एनसीएलटीची, म्हणजे कंपन्यांचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय न्यायाधिकरणाची. कंपनीचं नाव रजिस्टरमधून कटलं तरी 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 248 नुसार संचालकांची जबाबदारी संपत नाही. नाव पुन्हा लावून घ्यायला घेणेकरी 20 वर्षांच्या आत अर्ज करू शकतो. कागदावर झकास! पण त्यासाठी मुंबई गाठा, वकील लावा. शिवाय दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर 2020 पासून थकबाकी किमान 1 कोटी हवी. चाळीस क्विंटलवाल्यानं काय करायचं?

दुसरी वाट, माल उतरवतानाच पुढच्या तारखेचा चेक घ्यायचा. तो वटला नाही तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 141 मुळे कारभार पाहणारे संचालकही आरोपी होतात. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी त्यांच्यावरचा खटला थांबत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलंय. खटला आपलं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालतो, म्हणजे वणीचा माणूस वणीतच. तारखा पडतात, हे खरं. तरी माझं मत चेकलाच.

फक्त मुदती सांभाळा: चेक परतल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्यांना 15 दिवस, मग महिनाभरात तक्रार. आणि काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) चेकवरच्याच कंपनीचं नाव आहे ना, ते बंडी रिकामी करण्याआधी बघा.