स्टॉकहोममध्ये टॅक्सीत बसण्यापूर्वी दारावरची पिवळी चिठ्ठी वाचा

बोटीच्या सहलीत किंवा दोन विमानांमधल्या मोकळ्या वेळात एका दिवसासाठी स्टॉकहोम पाहायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक गोष्ट आधीच ठाऊक असायला हवी : तेथे टॅक्सीचे भाडे सरकार ठरवत नाही. मुंबई-पुण्यात मीटरचे दर परिवहन प्राधिकरण ठरवून देते, म्हणून ‘मीटरने चला’ एवढे म्हटले की आपण निर्धास्त होतो. स्वीडनने मात्र १९९० मध्ये हे दर खुले केले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी, आणि एकच गाडी चालवणारा मालकसुद्धा, आपला दर आपणच ठरवतो. मीटर बिघडवलेले नसते. ते त्या मालकाचा दर अचूक दाखवते, आणि फसवणूक नेमकी तेथेच लपलेली असते.

आई-बाबांसह आम्ही सकाळी नगरभवन पाहिले. नोबेल पारितोषिकांची मेजवानी जेथे होते ते भव्य दालन आणि सोनेरी काचतुकड्यांनी मढवलेल्या भिंती पाहून आई हरखून गेली होती. नंतर गामला स्तान या जुन्या भागातल्या दगडी गल्ल्यांमधून फिरताना तिचे गुडघे दुखू लागले. १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात बंदरातच बुडालेले आणि १९६१ मध्ये समुद्रातून वर काढलेले ‘वासा’ हे जहाज बाबांना काहीही करून पाहायचे होते, आणि संध्याकाळी बोटीवर परतायचे होते. त्यामुळे धक्क्यालगतच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या टॅक्सीपाशी आम्ही गेलो. ‘मीटरप्रमाणे घेणार ना?’ असे विचारल्यावर चालकाने अदबीने होकार दिला आणि आईला हात देऊन आत बसवले.

जेमतेम दहा मिनिटांनी संग्रहालयासमोर उतरताना मीटरवर १,१८० क्रोना झाले होते, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने आपले नऊ-दहा हजार रुपये. मी जाब विचारला, तेव्हा त्याने शांतपणे मागच्या दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवले. दर लिहिलेला आहे, तुम्ही गाडीत बसलात, म्हणजे तो तुम्हाला मान्य आहे, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर त्याने पुढे केलेल्या कार्डयंत्रावर रक्कम रुपयांत आली होती आणि तीही बाजारभावापेक्षा चढ्या विनिमय दराने. रुपयांत पैसे देण्यास मी नकार दिला, क्रोनांचा पर्याय निवडायला लावला आणि छापील पावती घेतल्याशिवाय हललो नाही. थकलेल्या वृद्ध माणसांना हेरून त्यांच्याकडून असे पैसे उकळणे मला आजही संतापजनक वाटते.

त्या चिठ्ठीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा म्हणजे दहा किलोमीटर आणि पंधरा मिनिटांच्या प्रवासाचे तुलनात्मक भाडे. प्रतिष्ठित कंपन्यांच्या गाड्यांवर तो साधारणपणे चारशे क्रोनांच्या आसपास असतो. आमच्या गाडीवर तो त्याच्या कितीतरी पट होता. हा आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच ग्राहकाला जास्तीत जास्त किती भाडे होईल ते सांगणे चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आम्हाला तसे काहीही सांगितले गेले नाही. म्हणून पावतीवरचा गाडीचा क्रमांक देऊन मी तेथील परिवहन खात्याकडे लेखी तक्रार केली आहे. भाडे परत मिळेल अशी आशा नाही, परंतु त्या गाडीची नोंद व्हावी एवढी इच्छा आहे.

रांगेतल्या पहिल्याच गाडीत बसण्याची सक्ती तेथे नाही. आकडा न पटल्यास खुशाल मागच्या गाडीकडे जावे, किंवा आधी ठरावीक रक्कम ठरवून घ्यावी आणि ती ठरल्यावरच सामान आत ठेवू द्यावे. गाडीची पिवळी नंबरप्लेट पाहून विश्वास ठेवू नये, कारण परवाना असलेल्या सगळ्याच टॅक्सींना ती असते आणि आमच्या गाडीलाही होती. गामला स्तानहून ‘वासा’ पाहायला जायचे असेल, तर खरे म्हणजे टॅक्सीची गरजच नाही. शेजारच्या स्लुसेनच्या धक्क्यावरून यूरगॉर्डन बेटाकडे छोटी फेरीबोट सुटते. तिला शहर वाहतुकीचे नेहमीचे तिकीट चालते, ते पंच्याहत्तर मिनिटे वैध असते आणि त्याला माणशी सुमारे चाळीस क्रोना पडतात. पलीकडे उतरल्यावर संग्रहालय थोड्याच अंतरावर आहे आणि तो रस्ता सपाट असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश चालत जाता येते. आम्ही परतताना त्याच फेरीबोटीने आलो.