काकडीत बगलफुटी काढाव्यात की इथ्रेल फवारावं?

काकडीचा माल वाढवायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्या) काढा, नाहीतर इथ्रेल (मादी फुलं वाढवणारं औषध) मारा. दोन्ही खरे आहेत, पण एकाच वेलीसाठी नाहीत. म्हणून खर्चाचा हिशेब करण्याआधी बियाण्याचं पाकीट वाचा.

हिमांगी, फुले शुभांगी, शीतल, पूना खिरा या वाणांत एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी नर फुलांची गर्दी, मागाहून मादी फुलं. पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीत (पुसा सीडलेस काकडी-६ त्यातलीच) जवळपास प्रत्येक पेरावर मादी फूल लागतं आणि परागीभवनाशिवाय फळ धरतं.

या दुसऱ्या प्रकारात इथ्रेलला कामच उरत नाही. सगळी फुलं मादी असताना आणखी मादी कशाला? तिथे अडचण उलटी असते: वेलीला पेलणार नाहीत इतकी फळं धरतात, मग कोवळी फळं पिवळी पडून गळतात किंवा वाकडी होतात. तिथे छाटणीला पर्याय नाही. सुतळीवर एकच खोड चढवायचं, खालच्या पाच-सहा पेरांवरची फुलं आणि फुटी काढायच्या, म्हणजे मुळं आणि पानं आधी सावरतात. वेल वरच्या तारेला पोचली की शेंडा खुडून दोन बगलफुटी खाली सोडायच्या. खालची जुनी पानं काढली की हवा खेळते आणि पानांवरच्या केवडा रोगाला आवर बसतो. फुटी कोवळ्या असतानाच काढाव्यात, मोठ्या फुटी काढल्या की जखमही मोठी होते. मोझॅकची (पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आणणाऱ्या विषाणू रोगाची) लक्षणं दिसणाऱ्या वेलीला हात लावून तसंच पुढे जाऊ नका; काही मोझॅक विषाणू हातांनी आणि कात्रीनेही पसरतात.

मोकळ्या शेतात मात्र सरसकट छाटणी करू नका, हे मी ठामपणे सांगेन. तिथल्या वाणांत मुख्य वेलीवर सुरुवातीला नर फुलं जास्त असतात आणि बगलफुटींवर मादी फुलांचं प्रमाण चांगलं असतं. सगळ्या फुटी काढणं म्हणजे फळंच काढून टाकणं. ताटी असेल तर जमिनीलगतच्या चार-पाच पेरांवरच्या फुटी काढा, तेवढं पुरे.

इथ्रेलची जागा इथे आहे. त्यातलं इथेफॉन वेलीत शिरून इथिलीन सोडतं आणि कळीचा कल मादीकडे वळतो. हा कल कळी फार लहान असतानाच ठरतो, म्हणून फवारणी दोन खऱ्या पानांवर आणि पुन्हा चार पानांवर करतात, साधारण १५० ते २०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). ३९ टक्क्यांचं औषध असेल तर लिटरला अर्धा मिली म्हणजे सुमारे २०० पीपीएम. फुलोऱ्यात आलेल्या वेलीवर मारून आधीची नर फुलं मादी होत नाहीत. प्रमाण वाढलं, किंवा वेल पाण्याच्या ताणावर असली, तर वाढ खुंटते. सामू (पीएच) जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात इथेफॉन लवकर विघटित होतं. द्रावण लगेच वापरा. लेबलवर काकडीची शिफारस आहे का ते बघा, नसेल तर कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय मारू नका.

उन्हाळ्यात मोठा दिवस आणि उष्णता यांमुळे नर फुलं वाढतात, तेव्हा इथ्रेलचा उपयोग जास्त जाणवतो. फवारणी मात्र सकाळी गारव्यात.

द्राक्षाच्या बागेतून उरलेलं जीए (जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिन) काकडीवर मारायचा मोह टाळा. जिबरेलिनने काकडीत नर फुलं वाढतात. फक्त मादी फुलं येणाऱ्या वेलींवर नर फुलं आणण्यासाठी बीजोत्पादक तेही वापरतात.

खर्चाचं म्हणाल तर इथ्रेल दोन फवारण्यांत संपतं, छाटणीची मजुरी शेवटच्या तोड्यापर्यंत चालते. पॉलिहाऊसमध्ये ती मजुरी फळाच्या दर्जातून निघते, मोकळ्या शेतात सहसा निघत नाही.

पहिल्यांदा फवारत असाल तर मध्ये काही ओळी न फवारता सोडा. फवारलेल्या वेलींवर काही दिवस नर फुलं कमी राहतात, तेव्हा मधमाश्यांना पराग याच ओळींतून मिळेल. आणि दोन्हींकडच्या पहिल्या पंधरा पेरांवरची मादी फुलं मोजलीत, की पुढच्या हंगामात औषध घ्यायचं का ते तुमच्याच शेतात ठरेल.