पेलेटच्या चुलीचा जाळ मंदावला: पोते बदलावे की पंखा?

भुसा किंवा चिपाड दाबून केलेल्या छोट्या कांड्या म्हणजे पेलेट. पंख्यावर चालणाऱ्या पेलेटच्या चुलीचा जाळ मंदावला की घरात हमखास दोन मते पडतात. पेलेटचे पोते खराब लागले असे एकाचे म्हणणे असते, तर पंखा गेला असे दुसऱ्याचे. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी जाळ नेमका केव्हा मंदावतो, एवढे घड्याळ लावून पाहावे.

पेटवल्यापासूनच जाळ धरत नसेल आणि पांढरा धूर बराच वेळ निघत असेल, तर आधी पेलेटवर संशय घ्यावा. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा साधारण १० टक्क्यांच्या आत असतो. तो वाढला की काय होते, हे समजण्यासाठी १ लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे; शिवाय पेलेटमधून जळाऊ वायू सुटण्याचा वेग मंदावतो, ते नुकसान वेगळेच. सातारा जिल्ह्यात हा त्रास सर्वत्र सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास, त्यामुळे माणमधल्या दहिवडीला ओसरीवर निभावणारे पोते महाबळेश्वरच्या बाजूच्या मेढ्याच्या पावसात निभावेलच असे नाही. आमच्या घरी एका जुलैत पोते थेट फरशीवर ठेवले होते. वरचे पेलेट उत्तम होते, तळाचे मात्र बोटांत चुरडत होते, आणि आम्ही आठवडाभर दोष देत राहिलो तो पंख्याला. कोरडा पेलेट कट्कन मोडतो, दमट पेलेटचा भुगा होतो. किंचित आलेला दमटपणा उन्हात जातो. एकदा फुगून सैल झालेला पेलेट मात्र वाळवूनही पूर्ववत होत नाही. पोत्याच्या तळाचा चुराही चाळून बाजूला काढावा, कारण तो पेलेटमधल्या फटी बुजवून खालून येणारी हवा अडवतो.

याउलट, जाळ सुरुवातीला जोमदार असून वीस-पंचवीस मिनिटांनी खाली बसत असेल, तर जाळीत राख साठली आहे असे समजावे. येथे पेलेट कशाचे आहेत हे महत्त्वाचे ठरते. लाकडाच्या भुशाच्या चांगल्या पेलेटची राख १ टक्क्याच्या आसपास असते. उसाचे चिपाड किंवा भुईमुगाची टरफले यांची त्याहून बरीच जास्त, आणि तिच्यातील सिलिका व पोटॅश तापून वितळले की वीटभट्टीत दिसतो तसा खंगर जाळीवर धरतो. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड बिनतक्रार जळते, मग येथेच काय अडचण, असे विचारले जाते. पण चुलवण ऐसपैस असते, आणि घरच्या चुलीची जाळी जेमतेम वाटीएवढी. चिपाडाचे पेलेट स्वस्त मिळत असतील तर जरूर घ्यावेत, मात्र प्रत्येक वापरानंतर जाळी खरवडण्याची तयारी ठेवूनच.

आता पंख्याकडे वळू. या चुलीला हवा दोन ठिकाणी लागते. खालून येणारी हवा पेलेटमधून वायू सोडवते आणि वरच्या कड्याच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायू जाळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागातून तयार झालेल्या आणि महाराष्ट्रातही विकल्या गेलेल्या ‘ऊर्जा’ चुलीची रचना अशीच होती. वरची छिद्रे काजळीने बुजली, किंवा पेलेट त्यांच्या वरपर्यंत भरले, तर ज्योत पिवळी व आळसट होते आणि भांड्याचे बूड काळे पडते. पंख्याच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर झटकन आत ओढला गेला नाही तर पात्यांवर धूळ बसली आहे किंवा पंखा मंद फिरतो आहे. बॅटरीवर मंद असलेला जाळ अडॅप्टर लावताच उठला, तर पंखा निर्दोष असून बॅटरी संपत आली आहे.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी जाळी, छिद्रे आणि पाती साफ करावीत, कारण त्याला पैसे पडत नाहीत. मग शेजाऱ्यांकडून किलोभर खात्रीचे कोरडे पेलेट उसने आणून पेटवावेत. जाळ उठला तर पोते बदलावे. न उठल्यास पंखा बदलावा; पुष्कळ चुलींत तो १२ व्होल्टचा, संगणकात असतो तशा प्रकारचा असतो, आणि व्होल्टेज व माप जुळवून इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानातून बसवून घेता येतो. ही सारी तपासणी खिडकी-दार उघडे ठेवूनच करावी, कारण अर्धवट जळणाऱ्या चुलीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासही नसतो. ज्यात पेलेट जळतात ते चुलीचे आतले भांडेच जळून भोके पडली असतील, तर हवा भलत्याच ठिकाणी शिरते. तेथे नवे पोते किंवा नवा पंखा यांपैकी कशाचाच उपयोग नाही, चूलच बदलावी लागते.