किकस्टार्टर: डॉक्युमेंटरीसाठी पैसे उभे करायला कितपत कामाचं?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरच्या आमच्या डॉक्युमेंटरीचं शूटिंग पदरच्या पैशांत झालं होतं. अडलं ते साउंड मिक्सपाशी, म्हणजे फिल्मचे सगळे आवाज जुळवून पक्के करण्यापाशी. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो आणि पुन्हा कानस हातात घेतो. दर वेळी सूर किंचित खुलत जातो. आमची सगळी फिल्म त्या किंचितवर उभी आहे, आणि लॅपटॉपवर उरकलेल्या मिक्समध्ये तेवढंच नेमकं हरवतं. चांगला स्टुडिओ, रेकॉर्डिस्ट आणि कलर ग्रेडिंग मिळून १८ हजार डॉलरचा आकडा निघाला. ते पैसे आम्ही किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून गोळा केले. न्यू जर्सीत, पुण्यात, कोल्हापुरात फिल्म करणारे बरेच जण सध्या या वाटेची चौकशी करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली अडचण भारतातल्यांसाठी आहे. किकस्टार्टरवर पैसे मागायची मोहीम उघडता येते अशा देशांच्या यादीत भारत नाही. भारतातून पैसे देता येतात, मागता येत नाहीत. आमची दिग्दर्शिका मिरजेची, पण मी अमेरिकेची नागरिक असल्यामुळे मोहीम माझ्या नावावर उघडली. म्हणजे कायदेशीर जबाबदारी माझी, बँक खातं माझं आणि टॅक्सही माझ्या माथी. मैत्रीखातर कुणाला असं नाव देणार असाल तर आधी दोघींनी बसून सगळं कागदावर आणा. अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःच्या नावावर काही उघडू नका.

आता मुख्य मुद्दा. ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण झाली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक डॉलरही नाही. तोवर कुणाच्या कार्डावरून काही कापलं जात नाही. याच नियमाला लोक घाबरतात आणि लवचीक योजना बरी म्हणतात, कारण तिच्यात जमतील तेवढे पैसे हातात पडतात. मला मात्र फिल्मसाठी किकस्टार्टरचाच नियम योग्य वाटतो. अर्धा साउंड मिक्स नावाची गोष्ट नसते. १८ हजारांतले पाच हजार जमले असते तर स्टुडिओ मिळाला नसता, पण पैसे दिलेल्या प्रत्येकाला फिल्म दाखवायचा शब्द मात्र आमच्या गळ्यात पडला असता. शिवाय देणाऱ्यालाही खात्री असते की काम पार पडण्याइतके पैसे जमले तरच आपले जाणार. मोहिमेच्या शेवटच्या दिवसांत ‘अजून एवढे कमी आहेत’ हे वाक्य जे काम करतं, ते त्या नियमामुळेच.

अर्थात जोखीम खरी आहे. तिथल्या निम्म्याहून जास्त मोहिमा रक्कम गाठत नाहीत. म्हणून रक्कम फिल्मच्या पूर्ण बजेटची न ठेवता एका टप्प्याची ठेवावी. ‘इनोसेंटे’ या लघु डॉक्युमेंटरीला २०१३ साली ऑस्कर मिळालं. किकस्टार्टरवर पैसे उभारलेली ती पहिली ऑस्करविजेती फिल्म. तिने मागितलेली रक्कम काही लाखांत नव्हती. सुमारे ५२ हजार डॉलर जमले, तेही तीनशेपेक्षा कमी लोकांकडून.

कापले किती जातात? किकस्टार्टरचे पाच टक्के, शिवाय पेमेंटचे तीन टक्के आणि प्रत्येक देणगीमागे २० सेंट. शंभर डॉलर दिले की ९१.८० हाती येतात, पंचवीस दिले की २२.८०. काही कार्डं ऐनवेळी चालत नाहीत, तीही गळती धरावी. हा हिशेब रक्कम ठरवतानाच मांडा, नाहीतर शेवटी स्टुडिओचं बिल भागत नाही.

पैसे देणाऱ्यांना द्यायच्या भेटवस्तूंत सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. मी स्वतः पैसे दिलेल्या एका फिल्मचं पोस्टर अजून आलेलं नाही. ट्यूब आणि परदेशी टपाल यांचा खर्च त्यांनी धरलाच नव्हता. आमच्या दिग्दर्शिकेने सतारीची नखी द्यायची ठरवलं. तारेची एवढीशी वस्तू, गल्लीतूनच घेतलेली, साध्या पाकिटात मावणारी. सोबत तिच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी. ज्यांना सतार येत नाही त्यांनीसुद्धा ती बोटात घालून फोटो पाठवले. टी-शर्ट आणि कॉफीमग यांच्या भानगडीत पडू नका.

किकस्टार्टर तुमच्यासाठी माणसं आणेल, ही आशा मात्र ठेवू नका. तिथली गर्दी बोर्डगेम आणि गॅजेटवाल्यांची. पैसे कुठून आले हे डॅशबोर्डवर दिसतं. आमचे बहुतेक सगळे आम्ही स्वतः पाठवलेल्या लिंकवरून आले. ‘मंथन’ या चित्रपटासाठी १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, हे उदाहरण प्रत्येक जण देतो, पण त्यामागे गावोगावच्या सहकारी संस्था उभ्या होत्या हे कुणी सांगत नाही. इथे ते संघटन तुम्हालाच करावं लागतं. पहिला आठवडा जवळच्यांच्या बळावर जातो, मधला काळ सामसूम असतो, आणि त्या काळात फोन हेच एक साधन. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या लिंकला अंगठे मिळाले. नाव घेऊन केलेल्या फोनला पैसे मिळाले.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना कार्डाचा नंबर वेबसाइटवर टाकायचा नव्हता. “मी चेक देतो, तू तुझ्या कार्डावरून भर,” म्हणाले. स्वतःच्या मोहिमेत स्वतः पैसे टाकता येत नाहीत आणि चेक तिथे चालत नाही. शेवटी त्यांच्या भाच्याने भरले. साठीपुढच्या मंडळींकडून पैसे अपेक्षित असतील तर अशी मदत करणारं माणूस आधीच हेरून ठेवा.

आणखी एक त्रुटी: फिल्म पूर्ण झाली नाही तर किकस्टार्टर पैसे परत देत नाही. देणाऱ्याने माणूस पाहूनच द्यावं.

माझ्याकडून पाचपैकी चार. परदेशात खात्रीचा भागीदार असेल, शूटिंग झालेलं असेल आणि दाखवायला दोन मिनिटांचा चांगला तुकडा हाताशी असेल, तर बिनधास्त जा. नुसती संहिता असेल तर थांबा. अमेरिकेतून करणार असाल तर मोहीम वर्षाच्या शेवटी संपवू नका: पैसे डिसेंबरात जमा होतात, खर्च पुढच्या वर्षी होतो, आणि टॅक्स भरताना सगळी रक्कम उत्पन्न म्हणून उभी राहते. फेब्रुवारी-मार्च बरा.