जागलीला कोणता लावावा: 'द थिंग' की 'बॉडी स्नॅचर्स'?

हरभऱ्यात रानडुकरं घुसायला लागली की आमच्याकडे रात्रभर मचाणावर जागल, आणि सोबतीला मोबाईलवर सिनेमा. रूप बदलणाऱ्या परग्रही जीवांचे दोन सिनेमे त्यासाठी झकास.

जॉन कारपेंटरचा 'द थिंग' (१९८२) अंटार्क्टिकातल्या तळावर घडतो. त्यातला जीव माणसाची हुबेहूब नक्कल करतो, आणि त्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जगतो. म्हणून ती रक्ताची परीक्षा: प्रत्येकाचं रक्त बशीत, त्यात तापवलेली तार. माणसाचं रक्त नुसतं चर्र करतं. त्याचं मात्र उसळून पळू बघतं! काळजाचा ठोका चुकतो. ही सगळी करामत संगणकाविना केलेली, हे विशेष.

१९७८ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' सॅन फ्रान्सिस्कोतला. इथं मोठाल्या शेंगांतून तुमची नक्कल उगवते, तीही तुम्ही झोपल्यावर. चेहरा तोच, माया आटलेली. (आमच्या गावात असा गडी लगेच सापडेल, पारावर येऊन कापसाचा भाव न विचारणारा माणूस कुठं असतो का बे?)

थरार 'द थिंग'चा मोठा, पण जागलीला मी दुसराच लावतो. डुलकी घ्यायची हिंमतच होत नाही. 'द थिंग' लावायचाच असेल तर डबा संपवून तासभर जाऊ द्या. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंग भरल्या पोटी झेपत नाही.