जिओजेब्रा : अनुभवी गणित शिक्षकाच्या हाती दिलं तर

दहावीला १५-२० वर्षं भूमिती शिकवलेल्या शिक्षकाला मुलं नेमकी कुठे अडणार, हे वर्गात शिरण्याआधीच ठाऊक असतं. जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्या आणि आलेख काढून ते पडद्यावर हलवून बघायचं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते अशाच शिक्षकाला. नवख्याच्या हातून त्यात सुबक आकृत्या निघतात. जुना शिक्षक मात्र त्यात मुलांची नेहमीची चूक मुद्दाम उभी करतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती मोडून दाखवतो. आपल्या शाळांत होतं उलटंच. संगणकाचं काम म्हणून ते सर्वांत तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतं. म्हणून हे परीक्षण मुद्दाम ज्येष्ठांसाठी लिहिलं आहे, विशेषतः नोकरीत वरिष्ठ वेतनश्रेणीची १२ वर्षं ओलांडून निवड श्रेणीच्या २४ वर्षांकडे निघालेल्यांसाठी.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास याची सुरुवात केली. बालभारतीच्या पुस्तकांतही जिओजेब्रा वापरून आकृती काढा, अशा सूचना आहेत. ते मराठीतही चालतं, पण मेनूतली नावं इंग्रजीत ठेवलेली बरी, कारण अडल्यावर शोधायला सोपं जातं. आकृतीतली नावं मात्र मराठीत हवीत. बिंदूवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कॅप्शनच्या रकान्यात देवनागरीत लिहायचं आणि लेबल म्हणून कॅप्शन निवडायचं.

शाळेसाठी आमची पसंती क्लासिक ५ या संगणकावर चालणाऱ्या आवृत्तीला आहे. क्लासिक ६ दिसायला नवं आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं, पण संगणक कक्षातलं इंटरनेट तासाच्या मध्यावर गेलं की ब्राउझरवरचा पाठ तिथेच थांबतो. क्लासिक ५ ला एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही, जुन्या मशीनवरही ते निभावतं. त्याची पोर्टेबल आवृत्ती पेन ड्राइव्हवरून थेट उघडते, त्यामुळे इन्स्टॉल करायला पासवर्ड मागत फिरावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात. दहावीचं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घ्या: अंतर्लिखित कोनाचं माप त्याने आंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं. वर्तुळ काढलं, त्यावर तीन बिंदू घेतले, केंद्राशी होणारा कोन आणि वर्तुळावरचा कोन मोजला. पडद्यावर ८५° आणि ४२° दिसतात. मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "बाई, ४२ दुणे ८४!" प्रमेय बरोबरच आहे. खरी मापं ८४.६° आणि ४२.३° आहेत, पण राउंडिंग शून्य दशांश स्थळांवर ठेवल्यामुळे एक वर सरकलं आणि दुसरं खाली. दशांश स्थळं वाढवली तरी शेवटच्या अंकात कधीतरी हीच गडबड होते. पक्का उपाय वेगळा आहे. कोनाचा स्लायडर (ओढून माप बदलायची पट्टी) घ्या, त्याची पायरी २° ठेवा आणि 'अँगल विथ गिव्हन साइज' हे साधन वापरून केंद्रीय कोन त्या स्लायडरला बांधा. आता केंद्रीय कोन नेहमी सम पूर्णांकच येणार आणि अंतर्लिखित कोन बरोबर त्याच्या निम्मा. प्रमेय मनात बसल्यावर स्लायडरची आकृती बाजूला ठेवा आणि ८५-४२ ची आकृती मुद्दाम दाखवा. आसन्न किंमत म्हणजे काय, हे त्याच तासात कळून जातं.

कोन मोजतानाची दुसरी अडचण क्लिकच्या क्रमाची. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. ए, बी, सी या बिंदूंचा क्रम उलटा लागला, तर ४०° च्या जागी ३२०° येतात. प्रॉपर्टीजमध्ये कोनाची मर्यादा ०° ते १८०° केली की हा त्रास संपतो. तेवढं केल्यावर वर्तुळावरचा बिंदू ओढत विशालकंसावरून लघुकंसावर न्या. माप एकदम बदलतं आणि आधीच्या मापात मिळवलं तर १८०° होतात. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन शिकवायला याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही.

भौमितिक रचनांत मात्र फार जपून राहायला हवं. बाह्यबिंदूतून स्पर्शिका काढायचं तयार साधन यात आहे. दोन क्लिकमध्ये स्पर्शिका तयार होते आणि रचना शिकवायची राहून जाते. टूल्स मेनूतल्या कस्टमाइझ टूलबारमध्ये जाऊन हे साधन पट्टीवरून काढून टाका आणि रचना पायरीपायरीने करा. ओ केंद्र आणि ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्रापासून ५ सेमी अंतरावर पी बिंदू, रेख ओपीचा लंबदुभाजक, मध्यबिंदू एम, एम केंद्र आणि एमओ त्रिज्येचं वर्तुळ, दोन छेदनबिंदू, आणि शेवटी पीमधून स्पर्शिका. लांबी मोजली की ४ सेमी येते, आणि पायथागोरसचा ताळाही तिथेच मिळतो. सगळ्यांत जास्त चूक छेदनबिंदूंवर होते. मुलं (आणि प्रशिक्षणात शिक्षकही) साध्या बिंदूच्या साधनाने अंदाजाने टिंब देतात. चित्र हुबेहूब दिसतं, पण पी ओढला की ते टिंब जागेवरच राहतं आणि स्पर्शिका वर्तुळाला छेदू लागते. 'इंटरसेक्ट' साधनानेच बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक रचना ओढून बघायची, ही शिस्त पहिल्या तासापासून लावावी. पी वर्तुळाच्या आत नेला की स्पर्शिका नाहीशा होतात. तिथे थांबून मुलांना कारण विचारा.

याचा एक खरा तोटा आहे. जिओजेब्रा कंपासने अख्खं वर्तुळ काढतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत परीक्षक कंस शोधतो. पडद्यावर पाहून शिकलेली मुलं कागदावर पूर्ण वर्तुळांचं जाळं काढतात किंवा कंस खोडून टाकतात, आणि दोन्हीकडे गुण जायची भीती असते. म्हणून पडद्यावरची रचना संपली की त्याच तासात वहीवर कंपास आणि पट्टीने तीच रचना करून घ्यायलाच हवी.

बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं छान जमतात. वर्गसमीकरणातल्या ए, बी, सी या सहगुणकांचे स्लायडर हलवले की विवेचक ऋण होताच आलेख क्ष-अक्षापासून सुटतो. शिफ्ट दाबून अक्ष ओढला गेला की अक्षांचं प्रमाण बिघडतं आणि वर्तुळ लंबगोल दिसतं. राइट क्लिक करून प्रमाण पुन्हा १:१ करा. सांख्यिकीला साधी स्प्रेडशीट बरी. अर्थनियोजनाच्या प्रकरणाला याचा काही उपयोग नाही.

अनुभवी शिक्षकाच्या पुढच्या वाटचालीत हे सगळ्यांत जास्त कामी येतं ते आकृत्यांसाठी. पुण्यात राज्य मंडळ शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर आणि अप्पा बळवंत चौकात प्रकाशकांची गर्दी. तिथे ज्याला गणिताची आकृती बिनचूक काढता येते, त्याला साधनव्यक्ती (इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारा) म्हणून, सराव संचासाठी किंवा शाळासमूहाच्या प्रश्नपत्रिकेसाठी बोलावणं येतं. त्यासाठी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करताना १ एकक = १ सेमी आणि ३०० डीपीआय (छपाईची स्पष्टता) ठेवा. बहुभुजाचा आपोआप येणारा रंग झेरॉक्समध्ये राखाडी डाग होऊन येतो, म्हणून ओपॅसिटी (रंगाचा गडदपणा) शून्य करा. रेषा जाड करा, ग्रिड लपवा, अक्षरं १८ च्या आकाराची घ्या. वर्डमध्ये चिकटवल्यावर चित्र आपोआप आखडतं का ते बघा. छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं, तर ५ सेमीची बाजू मुलांच्या पट्टीवर ४.७ भरते आणि मोजून उत्तर लिहायचा प्रश्नच चुकतो.

परीक्षेच्या आकृत्या संकेतस्थळावरच्या खात्यात कधीही ठेवू नका. तिथे प्रत्येक फाइल खासगी, दुवा असलेल्यांसाठी किंवा सार्वजनिक असते, आणि घाईत चुकीचा पर्याय निवडला जातो. अशा कामाला इंटरनेटविना चालणारं क्लासिक ५ च योग्य. रोजच्या सरावासाठी मात्र जिओजेब्रा क्लासरूम जरूर वापरा. शिक्षकाचं खातं लागतं, मुलं नुसता कोड आणि नाव टाकून आत येतात, आणि कोण कुठल्या पायरीवर अडलंय ते शिक्षकाच्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसतं.

पैशाची बाजू नीट समजून घ्या. शाळेत शिकवायला, म्हणजे विनानफा वापराला, जिओजेब्रा मोफत आहे. व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो. नोकरीत असताना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार खासगी शिकवणीला मनाईच आहे, त्यामुळे शिकवणीपुरता तोवर हा प्रश्न उद्भवत नाही. पण ५८ व्या वर्षी निवृत्त होऊन फी घेऊन वर्ग सुरू केले किंवा प्रकाशकाला आकृत्या विकायच्या ठरवल्या, तर आधी परवान्याच्या अटी वाचा आणि परवानगीचं लेखी उत्तर मागवून जपून ठेवा. प्रकाशकाशी करार करताना हा खर्च कोण करणार, तेही त्यातच लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच जणांचं जिओजेब्रा खातं शाळेने दिलेल्या ईमेलवर असतं. शाळा सुटली की तो ईमेल बंद होतो आणि वर्षानुवर्षं केलेल्या फाइलींपर्यंत पोहोचता येत नाही. सेवानिवृत्तीच्या वर्षात, पेन्शनच्या कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होण्याआधीच, सगळ्या जीजीबी फाइली (जिओजेब्राच्या आकृत्यांच्या मूळ फाइली) उतरवून इयत्ता आणि प्रकरणवार फोल्डरमध्ये लावा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरी विषयाचा भार पुढे घेणाऱ्या शिक्षकाला द्या.