टेली-मानस १४४१६ : दारू आणि जखम, दोन्हींबद्दल विचारणारी सेवा

माझा धाकटा भाऊ गेली सहा वर्षे दारू पितो. मे महिन्याच्या काहिलीतही तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटाची बटणे लावून घरात वावरू लागला होता, आणि एका रात्री ताट पुढे ओढताना बाही वर सरकली तेव्हा त्याने स्वतःच करून घेतलेल्या जखमा मला दिसल्या. पूर्वी ज्या व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही त्याला ठेवले होते, तिथे मी जुन्या व्रणांचा विषय काढला असता ‘पिणाऱ्यांची नाटकं असतात’ एवढ्यावर तो मिटवला गेला होता.

त्या रात्री मी टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. समुपदेशक बाईंनी दारूबद्दल नंतर विचारले; त्यांचा पहिला प्रश्न ‘ताई, तो आत्ता एकटा आहे का?’ असा होता. जीव द्यायचे मनात येते का, हे त्याला सरळ विचारा, विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या घरात ‘आत्महत्या’ हा शब्दही कोणी उच्चारत नव्हते.

मनातली असह्य घालमेल घटकाभर शमावी म्हणून माणूस बाटलीकडे वळतो आणि त्याचसाठी स्वतःला इजाही करतो, मग त्याची लाज वाटते, आणि ती लाज सोसवेना की पुन्हा तेच घडते. त्यात नशेमुळे स्वतःला आवरण्याची ताकदही घटते, हे त्यांनी मला समजेल अशा शब्दांत उलगडले. मी बाटल्या मोरीत ओतायला निघाले होते. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी, असे सांगून त्यांनी मला थांबवले. पोलीस त्याच्यावर गुन्हा नोंदवतील, ही भीतीही मी बोलून दाखवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असेच गृहीत धरले जाते, हे मला तेव्हा कळले.

फोन म्हणजे उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला न्यावेच लागले, आणि आता दोन्हींवर एकत्र उपचार चालू आहेत. गेल्या आठवड्यात त्याने स्वतः १४४१६ लावला. दार मात्र लोटून घेऊ नकोस, एवढेच मी स्वयंपाकघरातून सांगितले, आणि त्याने ते उघडे ठेवले.